सपाट जागा

चढाच्या मध्यावर मैनाची गाडी ओरडायला लागली. इंजिन गळा काढतंय आणि चाकं ढिम्म. मैनानं पाय दाबला तसा आवाज आणखी चढला, आणि पुढं जायचं सोडून गाडी हळूहळू मागं यायला लागली. तिनं ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "धोंडा लावा रे कुनीतरी मागं! बगत काय बसलाव?"

मागं पोत्यांवर बसलेल्या दोघांनी उड्या मारल्या आणि मागच्या चाकाखाली धोंडे सरकवले. पोती गावाचीच होती. पोलादपूरच्या गिरणीतून भरडून आणलेला नवा तांदूळ, ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी खोचलेला. निम्मा गावात राहणार, निम्मा मुंबईच्या खोल्यांवर जाणार. पुढं मैनाच्या शेजारी बनुबाई बसली होती, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन. तिनं दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला.

"मी जाते गो चालत," बनुबाई म्हणाली. "तुजी गाडी आनी माजे गुडघे, दोगांची गत एकच."

"बस गं मावशी. थंड झाली की उचलंल."

"काल बी ह्येच बोलली व्हतीस."

म्हातारी उतरली आणि कंबरेवर हात ठेवून चढ चालायला लागली. मैनाला ते फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं दोन परत दिल्या असत्या. पण जिच्या गुडघ्यांसाठी गाडीची पुढची सीट कायमची राखून ठेवलेली, तीच गाडीच्या पुढं चालत निघाली होती.

तेवढ्यात खालच्या वळणावर हॉर्न वाजला. मैनाचा धाकटा दीर अनिल स्वतःची पिकअप घेऊन वर येत होता. त्यानं गाडी मागं लावली, उतरला, कपाळाचा घाम पुसत पुसत चाकाखालचे धोंडे बघितले.

"वैनी, मी पयलंच सांगितला व्हता. बिनक्लचची गाडी म्हंजे शेरातल्या लोकांची चैन. आपल्या घाटात तिचा काय काम?"

"पोती घे तुज्या गाडीत आनी गप ऱ्हा," मैना म्हणाली.

पोती उतरली, चढली. कार्तिकातलं ऊन पाठीला चावत होतं आणि तांदळाचा कोंडा घामाला चिकटत होता. मैनाही उतरून पोत्याचं एक टोक धरायला गेली, तर वरचा माणूस म्हणाला, "राहू दे मैना, तुजा पाय," आणि तिच्या हातातलं टोक काढून घेतलं. पाय, पाय, पाय. ह्या गावात तिला नाव आहे की नुसता पायच आहे, असं तिला कधी कधी वाटायचं.

तो पाय डावा. पावसाळ्यात दरड आली तेव्हा गोठ्याची भिंत त्याच्यावर बसली होती. पाय वाचला, पण घोटा काठीसारखा ताठ झाला. त्या पायात वरपर्यंत पट्टे बांधायचा जाड बूट, आणि बूट नसेल तर भिंत धरून उभं राहायचं. नवरा किशोर मुंबईत इमारतीवर वॉचमन. मैना तेव्हा वर्षभर उंबऱ्यात बसून होती. येणारा जाणारा विचारायचा, "कसा हाय पाय?" मग नुकसानभरपाई आली. त्यात तिनं दोन म्हशी विकून भर घातली आणि पुण्याच्या एका कंपनीनं काढून टाकलेली जुनी पिकअप उचलली. हिला क्लच नव्हता. पायाखाली दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाचे. डावा पाय नुसता ठेवायला. गाव हसलं, आणि मग गाव गाडीत बसायला लागलं. गिरण, रेशन, गॅसच्या टाक्या, बाळंतीण, मुंबईला जाणारी तांदळा-वरीची पार्सलं, सगळं मैनाच्या गाडीनं. कुडपणहून पोलादपूरला उतरायचं तर "मैना कवा निघतेय?" असं माणसं विचारायला लागली. पायाचं कुणी विचारीनासं झालं.

आणि आता ती गाडी घसरायला लागली होती.

सुरुवात साधी झाली होती. गणपतीनंतर कधीतरी चढाला गाडी क्षणभर सुटल्यासारखी व्हायची आणि परत पकडायची. मैनानं घरासमोर गाडी लावली, इंजिन चालू ठेवलं, तेलाची पट्टी काढून बघितली. असं बघायचं हे तिला गाडी विकणाऱ्यानं शिकवलं होतं. तेल खुणेच्या खाली. तिनं महाडहून लाल तेलाचा डबा आणवला आणि घातलं. चार दिवस बरी चालली. परत सुटायला लागली. परत पट्टी, परत तेल खाली, परत घातलं. मग गाडीखाली तेलाचे डाग दिसायला लागले. म्हणजे गळतंय. गळतंय म्हणजे कमी पडतंय. अनिल म्हणाला घाला, शेजारी म्हणाले घाला. एक जण तर म्हणाला, लाल कशाला, ट्रॅक्टरचं घाला, तेल ते तेल. ते तेवढं मैनानं ऐकलं नाही. बाकी सगळं ऐकलं. आणि जितकं घालावं तितकी गाडी जास्त घसरायला लागली. आधी चढाला, मग साध्या रस्त्याला.

चढावरून गाडी कशीबशी रिकामी घरी आली त्याच संध्याकाळी किशोरचा फोन आला.

"अनिल बोलला मना," किशोर म्हणाला. "विकून टाक ती. महाडचा गणूशेठ भंगारात घेतोय. रविवारी देवाच्या सहानंवर गावकीची बैठक हाय, तो बी येतोय. गावचा माल अनिलच्या गाडीला द्यायचा ठरतोय. सगळा एका दमात मिटंल."

"माज्या गाडीची बैठक, आनी मना बोलावलान नाय?"

"बायका बसतात काय गावकीत? तू पन ना मैना."

"आनी मी काय करू मंग? अनिलच्या गाडीला क्लच हाय."

किशोर वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. "घरी बस. आराम कर," तो म्हणाला. "पाय तरी सुदारंल."

"पाय सुदारनार नाय," मैना म्हणाली. "तुमाला बी म्हाईत हाय, मना बी. त्या पायाच्या बदल्यात गाडी आली. आता गाडी भंगारात घाला म्हंजे मना बी घाला. ठेवा फोन."

फोन तिनंच ठेवला. रात्री कूस बदलत राहिली, पण रडली नाही. रडायला बसलं की माणसं पाणी आणून देतात आणि निर्णयही तेच घेऊन टाकतात, हे तिनं वर्षभर उंबऱ्यात बसून पाहिलं होतं.

सकाळी ती गाडी काढायला लागली तसा अनिल दोर घेऊन आला. "वैनी, बांदतो आनी वढत न्हेतो महाडला. गॅरेजवाला एकदा बोलला की गेली, मंग तर पटंल?"

"दोर लावायचा नाय. ही गाडी चाकावर वढली की गिअरबॉक्स आतून जळतो. विकनाऱ्यानं बजावून सांगितलंय."

"आता जळायचा काय ऱ्हायलाय त्यात?"

"ते मी बगीन."

ती गाडी खालच्या गिअरला घालून एकटीच उतरली. उताराला गाडी धरत नव्हती, सगळा भार ब्रेकवर. प्रत्येक वळणाच्या आधी थांबायची, ब्रेक थंड होऊ द्यायची, डोंगरातून आलेल्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घ्यायची. कापलेल्या भाताच्या खाचरांतून बायका मान वर करून बघत होत्या. एकीनं हात केला. मैनानं हॉर्न वाजवला, उगाच, जोरात.

महाडला महमूदचाचांचं गॅरेज हायवेला लागून. चाचा ट्रकांचे जुने मिस्त्री. त्यांनी गाडी आत घेताना आवाज ऐकला आणि मान हलवली.

"मैनाबाई, खोटं कशाला बोलू? बॉक्स गेला हिचा. असल्या गाड्या मी खोलत नाही. दुसरा बॉक्स मुंबईहून मागवायचा, नाहीतर सोडून द्यायची."

"खोलल्याशिवाय कसा सांगता चाचा, गेला म्हनून?"

चाचा हसले. "जबान तेज आहे हां तुझी. थांब. फुरकान! इकडे ये. माझा पुतण्या, कुवेतला हेच काम करायचा. तिकडे सगळ्या गाड्या अशाच."

फुरकान तिशीतला, दाढी राखलेला, हात आधीच काळे. त्यानं कुठलाही पाना उचलला नाही. गाडी फरशीच्या मधोमध घेतली, इंजिन चालू ठेवलं, ब्रेक दाबून गिअरचा दांडा एकेका जागी सावकाश फिरवून परत जागेवर आणला. मग पट्टी काढली आणि बघतच राहिला.

"ताई, हे काय आहे?"

पट्टी खुणेच्या कितीतरी वरपर्यंत ओली होती. आणि तेल लाल नव्हतं, गुलाबी होतं, बारीक बुडबुड्यांचं. ताकाला फेस येतो तसं.

"एवढं तेल कुणी घातलं?"

"मीच," मैना म्हणाली. "कमी दावत व्हतं."

"कुठे उभी करून बघत होता?"

"घरापुढं."

"घरापुढची जागा कशी आहे?"

मैनानं आपलं अंगण डोळ्यांपुढं आणलं. घरापुढची जागा! कुडपणात घरापुढची जागा कशी असायची? चढ. गाडीचं तोंड डोंगराकडं, शेपूट दरीकडं. रोज तिथंच.

"तोंड वर असलं की तेल सगळं मागे जातं," फुरकान म्हणाला. "पट्टी पुढच्या बाजूला. तिला काय दिसणार? कमीच दिसणार. तुम्ही घालत गेलात. जास्त झालं की आतले फिरणारे भाग ते घुसळतात, फेस करतात. फेसात हवा. हवेनं बॉक्सातल्या, चाकांना जोर देणाऱ्या प्लेटा दाबल्या जात नाहीत, म्हणून घसरते. आणि जास्तीचं तेल वरच्या नळीतून बाहेर फेकलं जातं."

"आनी आमी बोललो, गळतंय. आजून घाला."

"हो."

मैनानं कपाळावर हात मारला. "अरे द्येवा! माज्याच हातानं तिला बुडवत व्हते मी!" तिला लाज वाटली, राग आला, आणि त्याच्यामागून हसू असं फुटलं की चाचापण हसायला लागले. अख्ख्या गावानं मिळून चूक केली होती. डोंगरात जन्मलेल्या माणसाला जमीन वाकडी आहे हे दिसतच नाही, तो तिलाच सरळ समजतो.

"हसा पण अजून खूश होऊ नका," फुरकान म्हणाला. "पहिल्यांदा खरंच कमी होतं, ते का, हे शोधायचंय. आणि एवढे दिवस घसरली त्यात प्लेटा किती झिजल्या, ते बघायचंय."

त्यानं तेलाचा थेंब बोटांत चोळून वास घेतला आणि बोट मैनाच्या नाकाशी धरलं. "जळका वास येतो?"

"नाय. नुसता तेलाचा."

"हे चांगलंय."

गाडी खड्ड्यावर घेतली. मैना घरी जाणार नव्हती, खुर्चीतही बसणार नव्हती. खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली, ताठ पाय एका बाजूला. फुरकान तळाचं पॅन सोडवत होता, ती बोल्ट हातात घेत होती, पुसत होती, ज्या जागेचा त्या जागेवर मांडत होती. गुलाबी तेल तसराळ्यात पडत राहिलं. पॅन खाली आलं तेव्हा दोघांचीही मान आत गेली. तळाच्या लोहचुंबकावर करडा लगदा बसला होता, वाटलेल्या मेंदीसारखा मऊ. फुरकाननं तो बोटानं पसरवला, उजेडात धरला. चमकणारा कण एकही नव्हता.

"एवढी झीज सगळ्यांत असते," तो म्हणाला. "धातूचे तुकडे असते तर मी चाचांचंच म्हणणं खरं केलं असतं."

मूळ गळती सापडली ती रेडिएटरपाशी. तेल थंड करायला नेणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरलेला होता, नखाएवढी चीर. गाडी तापली की तिथून पाझरायचं. पाइप बदलला, फिल्टर बदलला, पॅन धुऊन चढवलं. नवं तेल ओतायला फुरकाननं नरसाळं मैनाच्याच हातात दिलं. थोडं ओत, गाडी चालव, पट्टी बघ, परत थोडं. फरशीवर, सपाटीवर. तेल दोन खुणांच्या मधे आलं तसा तो म्हणाला, "बस."

हायवेवर फेरी मारली. गाडी पहिल्यासारखी उचलत होती. मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं पदरानं ते उघड्यावर पुसलं.

"आता झाली का बरी?"

"इथे झाली," फुरकान म्हणाला. "प्लेटा किती उरल्यात ते भरलेली गाडी आणि तुमचा घाटच सांगेल. चढाला परत सुटली तर बॉक्स खोलावा लागेल, आणि मग मी काही वचन देणार नाही. वर पोचलात की गरम गाडीत, इंजिन चालू ठेवून तेल बघायचं. सपाट जागेत. तुमच्या गावात सपाट जागा आहे का कुठे?"

मैनानं मनातल्या मनात अख्खा गाव फिरून बघितला. खळी? तीही उतरती. शाळा? पायऱ्यांवर.

"एकच हाय," ती म्हणाली. "सहान."

चाचांनी तोंडात धरलेला चहा गिळला. सहाण म्हणजे काय ते महाडच्या मुसलमानालाही ठाऊक होतं. शिमग्यात देवाची पालखी जिथं बसते तो दगडी काठाचा चौथरा. तिथं चप्पल चढत नाही, गाडी कुठली चढायला!

"मैनाबाई," चाचा म्हणाले, "भांडण होईल."

"व्हईल ना," मैना म्हणाली.

दुसरा दिवस रविवार. मुक्काम तिनं पोलादपूरला मावसबहिणीकडं केला आणि सकाळी गिरणीवर जाऊन उभी राहिली. गावची उरलेली पोती सोमवारी अनिल नेणार होता. मैनानं सगळी आपल्या गाडीत चढवून घेतली. हमाल म्हणाला, "गाडीचे पाटे वाकले, पुरे." ती म्हणाली, "अजून दोन टाक." कमी भार घेऊन वर गेलं तर उत्तर अर्धंच मिळालं असतं.

एसटी स्टँडसमोर बनुबाई सावलीला बसली होती, दवाखान्यातून आलेली. तिनं गाडी बघितली, पोती बघितली, मैनाचं तोंड बघितलं.

"इकली न्हाय अजून?"

"बसतेस का चालतेस?"

"चालवंल तर बसते," म्हातारी म्हणाली आणि गुडघा धरून चढली.

घाट सुरू झाला. मैनाचे कान इंजिनात होते. एक वळण, दुसरं वळण. गाडी जड होती पण पकडून चालत होती. मग तो लांब चढ आला जिथं रस्ता नुसता आभाळात जातो, आणि मध्यावर इंजिनाचा आवाज अचानक चढला. गेली, मैना मनात म्हणाली, गेली! तिचा उजवा पाय ब्रेककडं निघाला. आणि त्याच क्षणी गाडीनं खालचा गिअर धरला, पाठीत ढकलल्यासारखा जोर आला, पोती मागं सरकल्याचा आवाज झाला आणि गाडी चढत सुटली.

"काय झाला गो?" बनुबाईनं दाराची कडी घट्ट धरली होती.

"काय नाय मावशी. दम घेतलान तिनं."

"मंग तू बी घे. कवाधरनं श्वास कोंडलायस."

मैना मोठ्यानं हसली. चढाच्या मध्यावर, जिथं कुणीही गाडी थांबवत नाही, तिथं तिनं मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी पुरती उभी केली. बनुबाईनं देवाचं नाव घेतलं. मैनानं ब्रेक सोडला, पाय दाबला. भरलेली गाडी जागची उचलली आणि वर निघाली. आता तिची खात्री झाली.

गावात शिरली तेव्हा दुपार कलली होती. सहाणेवर बैठक भरलेली. मोठी सतरंजी अंथरलेली, मधे गावचे प्रमुख दत्तारामतात्या, त्यांच्या बाजूला अनिल, आणि भंगारवाला गणूशेठ पायाची घडी घालून चहा पितोय. चौथऱ्याला एका बाजूला पालखी चढायला दगडी उतरण बांधलेली होती. मैनानं गाडी तिथून वर घेतली आणि सतरंजीच्या कडेला आणून थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

सगळे उभे राहिले. गणूशेठच्या हातातला चहा सांडला.

"मैना!" तात्या गरजले. "अक्कल गहान टाकलीस काय? सहानंवर गाडी? देवाची जागा ही!"

मैनानं उजव्या पायातली चप्पल गाडीतच काढली आणि खाली उतरली. तात्यांची नजर तिच्या डाव्या बुटावर गेली.

"बूट निगत नाय तात्या. त्याची माफी देवाकडं मागीन, तुमच्याकडं नाय," ती म्हणाली. "आनी गाडीचा म्हनाल तर तुमी बैठक तिचीच घेतलाव ना? मंग ती नको हजर?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि खोकल्यात दडवलं.

"दंड पडंल," तात्या म्हणाले.

"टाका. पन पयलं बगा." तिनं बॉनेट उचललं, पट्टी काढली, पदराच्या आतल्या टोकानं पुसली, परत घातली आणि सगळ्यांदेखत वर ओढली. स्वच्छ लाल तेल, दोन खुणांच्या बरोबर मधे. ती पट्टी घेऊन अनिलपाशी गेली. "बग भावजी. गावात ही एकच जागा सरळ हाय, आनी तिच्यावर तुमी बसलाव. म्हनून मना तेल दिसत नव्हता. घाला घाला करून तुमी सांगत ऱ्हायलाव, मी घालत ऱ्हायले. येक पाइप चिरला व्हता तेवडाच, बाकी गाडीला काय बी झाला नव्हता."

अनिल पट्टीकडं बघत राहिला. मग पोत्यांकडं बघितलं. "येवढा घेऊन चढलीस?" तो हळूच म्हणाला.

"चढली," खिडकीतून बनुबाई ओरडली. "मदे हुबी करून दावलीन बयेनं! माजा जीव घेतलान!"

गणूशेठनं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, चपला शोधल्या. "तात्या, मला भंगार आहे म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी निघतो."

इंजिन एका सुरात चाललं होतं. मैना पट्टी जागेवर बसवून तात्यांसमोर उभी राहिली.

"पोती ज्याची त्यानं घरी न्यावी. उद्या सकाळी गाडी निगंल, नेमच्या वेळेला. ज्याला अनिलच्या गाडीनं जायचा त्यानं जावा, माजा काय म्हनना नाय. पन मना घरी बसवायचा गावकीत ठरवू नका. आनी महिन्यातनं एकदा तेल बगायला मी हितंच येनार."

तात्यांचा चेहरा तांबडा झाला होता. आजूबाजूला त्यांनी बघितलं, पण मान हलवणारं कुणी दिसलं नाही. ज्याची त्याची नजर आपापलं पोतं शोधत होती.

"पयली गाडी काढ हितनं," ते शेवटी म्हणाले.

"काडते ना." मैना गाडीत चढली, ताठ पाय हातानं उचलून आत घेतला. "पन भरलेली गाडी उतरणीवरनं मागं घेत नाय मी. वळवूनच काडावी लागंल. जागा करा."

अजून कुणी हललं नाही. तिनं हॉर्न वाजवला. तेव्हा अनिल खाली वाकला, चहाचे कप बाजूला ठेवले आणि सतरंजी गुंडाळायला लागला.